कमांड व्हॅनची देखभाल: किलोमीटर सोडा, दिवस आणि तास मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या विभागाकडे मध्यम ट्रकच्या चासीवर बांधलेली एक मोबाईल कमांड व्हॅन आहे, म्हणजे बंदोबस्तात गर्दीवर नजर ठेवायची गाडी. मागे १० केव्हीएचा जनरेटर, छतावर दोन एसी, हवेच्या दाबाने वर जाणारा मास्ट, म्हणजे उंच खांब, कॅमेरे, रेकॉर्डर, वायरलेस असं सगळं तिच्यात आहे. चार वर्षांत गाडी जेमतेम ११ हजार किलोमीटर चालली. कंपनीच्या पुस्तकात सर्व्हिस किलोमीटरवर दिलेली, म्हणून आजवर एकच झाली. तरी गेल्या वर्षभरात ती तीनदा अडली. एकदा सेल्फच (स्टार्टर) घेतला नाही, एकदा मास्ट अर्ध्यावर थांबला, आणि विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी जनरेटर दीड तासात बंद पडला. गाडी नवी आहे, वापरही फारसा नाही, मग असं का होतं आणि २०२७ च्या नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी देखभाल कशी बसवायची, असं तुम्ही विचारलंय.

नाशिकला अंबडमध्ये माझं वर्कशॉप आहे. २४ वर्षं खास बॉडीच्या गाड्यांचंच काम करतोय. रुग्णवाहिका, अग्निशमनचे बंब, रक्तसंकलनाच्या गाड्या, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत कमांड व्हॅन. अशी गाडी ओढून माझ्याकडे आणली जाते तेव्हा बहुतेक वेळा ती उभी राहून बिघडलेली असते. मालाचा ट्रक रोज चालतो. त्याची बॅटरी रोज भरते, ऑइल रोज तापून त्यातला ओलावा उडून जातो, ब्रेकचे ड्रम घासून स्वच्छ राहतात, टायर एकाच जागी दबून बसत नाहीत. तुमची गाडी महिना-महिना उभी असते आणि मग एके दिवशी तिच्याकडून सलग अठरा तास काम मागितलं जातं. कंपनीचं पुस्तक माल वाहणाऱ्या ट्रकसाठी लिहिलेलं आहे. ते चुकीचं नाही, पण तुमच्या गाडीचं आयुष्य त्यात धरलेलं नाही.

काही गोष्टी गाडी बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाहीत. ब्रेक हवेचे आहेत की ऑइलचे, गाडी शेडमध्ये असते की उघड्यावर, उभ्या जागी लाइट जोडायची सोय आहे का, आणि तिला ठरलेला चालक आहे की ज्याची ड्युटी लागेल तो घेऊन जातो, यावर बरंच काही ठरतं. माझ्या अनुभवात यातल्या शेवटच्या दोन गोष्टींनी सगळ्यात जास्त फरक पडतो. ठरलेला चालक असलेली जुनी गाडी मी निर्धास्तपणे बंदोबस्ताला पाठवतो. रोज चालक बदलणाऱ्या नव्या गाडीबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

आता वेळापत्रक. तुमच्या गाडीत तीन घड्याळं चालू आहेत असं समजा. पहिलं कॅलेंडरचं, ते गाडी उभी असली तरी थांबत नाही. दुसरं गाडीच्या इंजिनाच्या तासांचं. तिसरं जनरेटरच्या तासांचं. किलोमीटर हे चौथं आणि तुमच्यासाठी सगळ्यात कमी महत्त्वाचं. बंदोबस्तात गाडी एका जागी उभी राहून इंजिन तासन्‌तास चालू असतं, कधी केबिनच्या एसीसाठी, कधी बॅटरी उतरू नये म्हणून. त्या वेळात किलोमीटरचा काटा हलत नाही, पण ऑइल काळं होतच असतं. उभ्या गाडीत इंजिन एक तास चाललं की मी सुमारे ५० किलोमीटर धरतो. हा ढोबळ हिशोब आहे, पण कामाला येतो.

समजा तुमचा तासमीटर १,४०० तास दाखवतोय. ११ हजार किलोमीटर शहरात ताशी २५ च्या सरासरीने चालली असेल तर त्यात ४४० तास गेले. उरलेले ९६० तास इंजिन जागेवर चाललं. त्याचे ४८ हजार किलोमीटर होतात, म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने गाडी सुमारे ५९ हजार चालली आहे आणि तुम्ही तिची एकच सर्व्हिस केली आहे. तुमचा खरा आकडा वेगळा असेल, पण आजच तासमीटर बघून हा हिशोब मांडा. तासमीटर नसेल तर बसवून घ्या, खर्च किरकोळ आहे. लॉगबुकात किलोमीटरच्या शेजारी दोन रकाने वाढवा: इंजिनाचे तास आणि जनरेटरचे तास. तास कितीही कमी भरले तरी दोन्ही इंजिनांचं ऑइल आणि फिल्टर वर्षातून एकदा बदलायचेच.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या तीन अडचणींपैकी पहिली इथलीच दिसते. बॅटरी बसली की लोक नवी बॅटरी टाकतात. सहा महिन्यांत तीही बसते, मग बॅटरीच्या कंपनीला दोष देतात. आधी गाडी पूर्ण बंद करून, चावी काढून, मुख्य वायरवर किती करंट जातोय ते मोजा. रेकॉर्डर, राउटर, जीपीएस, वायरलेसचा सेट, यांतलं काही ना काही चोरून चालूच असतं. अर्धा अँपियर ऐकायला काहीच वाटत नाही. पण दिवसाला ते १२ अँपियर-तास होतात आणि दहा दिवसांत १२०. तेवढ्यात चांगली भरलेली बॅटरीही रिकामी होते. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर चढतो आणि तो कडक झाला की चार्जिंगनेही जात नाही. म्हणजे बॅटरी उभ्या उभ्या मरते आणि कळतं ते बंदोबस्ताच्या पहाटे.

दुसरी चूक बॉडी बांधताना होते. चासी २४ व्होल्टची, म्हणजे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. वायरलेस सेटला लागतात १२ व्होल्ट. मग वायरमन सोपा मार्ग काढतो आणि दोघींपैकी एकीवरूनच वायर ओढून घेतो. ती एक रोज थोडी थोडी उतरते. चार्ज होताना दोघींना करंट सारखाच जातो, त्यामुळे एक कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. मी बॉनेट उघडल्यावर आधी हेच बघतो. एकीच्या टर्मिनलभोवती पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड, शेजारणीचं पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं, आणि दोघींना जोडणाऱ्या पट्टीवर कुणीतरी इन्सुलेशन टेप गुंडाळून बसवलेली बारीक लाल वायर. ती लाल वायर दिसली की उरलेली गोष्ट मला विचारावी लागत नाही. उपाय सोपा आहे. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा, किंवा उपकरणांसाठी स्वतंत्र बॅटरी ठेवा, म्हणजे सेल्फच्या बॅटरीला कुणी हात लावणार नाही.

मोजायचं कसं ते सांगतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी सेल्फ मारण्याआधी प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. १२.६ व्होल्टच्या पुढे असेल तर भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी, आणि मी १२.४ च्या खाली गेलेली बॅटरी उभी ठेवू देत नाही. दोघींच्या आकड्यांत ठळक फरक दिसला तर वरची लाल वायर शोधा. सेल्फ मारताना एखादी १० च्या बरीच खाली जात असेल तर तिचं आयुष्य संपत आलंय. डिसेंबरात निफाडकडे पहाटे पारा उतरतो तेव्हा अशी बॅटरी हमखास हात वर करते, म्हणून ही चाचणी दिवाळीनंतर लगेच एकदा करा. शेडमध्ये लाइटची सोय करून चांगला फ्लोट चार्जर, म्हणजे बॅटरी कायम भरलेली ठेवणारा, लावून ठेवलात तर तुमचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.

आता जनरेटर. तो दीड तासात बंद का पडला याची तीन कारणं मी क्रमाने तपासली असती. पहिलं डिझेल. जनरेटर बऱ्याचदा गाडीच्याच टाकीतून डिझेल ओढतो आणि त्याची नळी मुद्दाम आखूड ठेवलेली असते, म्हणजे जनरेटरने टाकी कोरडी केली तरी गाडी घरी परत यावी. अशा वेळी काटा पाव टाकी दाखवत असताना जनरेटर डिझेल संपल्यासारखा बंद पडतो आणि चालक गोंधळतो, कारण टाकीत डिझेल दिसतंय. दुसरं कारण ऑइल. पातळी कमी झाली की सेन्सर त्याला बंद करतो. तिसरं म्हणजे गरम होणं. विसर्जनाचा दिवस म्हटल्यावर मला हेच आधी आठवलं, कारण असा एक प्रसंग मी जवळून बघितलाय. एका गाडीचा जनरेटर मिरवणुकीत दर तासाने बंद व्हायचा, थंड झाला की पुन्हा चालू. मी गेलो तर गाडीच्या डाव्या अंगाला स्वागताचा मोठा फ्लेक्स बांधलेला, नेमका जनरेटरच्या जाळीवर. फ्लेक्स सोडला, मागचं दार उघडून रेडिएटरवर हात फिरवला, तर गुलालाचा आणि धुळीचा थर बोटाला लागला. ब्रशने साफ केला आणि रात्री उशिरापर्यंत जनरेटर एकदाही थांबला नाही. तुमच्या गाडीवर त्या जाळीच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहा की इथे काहीही बांधू नये, गाडी भिंतीला चिकटवून लावू नये.

जनरेटरची दुसरी तक्रार मात्र सवयीतून येते. बरेच चालक आठवड्यातून एकदा जनरेटर दहा मिनिटं रिकामा चालवतात आणि वहीत "तपासला, ठीक" लिहितात. हेतू चांगला असतो, पण अशाने डिझेल जनरेटर हळूहळू खराबच होतो. लोड नसला की आतलं तापमान चढत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि न जळलेलं डिझेल व काजळी सायलेन्सरमध्ये आणि पिस्टनच्या रिंगांवर साचते. सायलेन्सरच्या तोंडाशी काळं, ओलसर, डांबरासारखं काही दिसलं तर तेच ते. म्हणून महिन्यातून एकदाच चालवा, पण तासभर आणि खऱ्या लोडवर. तुमचा १० केव्हीए म्हणजे साधारण ८ किलोवॅट. त्याच्या किमान तिसरा हिस्सा, म्हणजे अडीच-पावणेतीन किलोवॅटचा लोड द्या. दोन्ही एसी, सगळे दिवे, सगळे स्क्रीन चालू करा आणि क्लॅम्प मीटरने अँपियर बघा. अशा तासाभरात जे उघडं पडतं ते दहा मिनिटांच्या रिकाम्या चाचणीत कधीच पडत नाही: सैल टर्मिनल तापतं, चेंजओव्हर स्विच अडकतो, दुसरा एसी चालू होताच व्होल्टेज कोसळतं.

इथे एक गोष्ट फार मनापासून सांगायची आहे. या गाडीत माणसं दारं लावून बारा-बारा तास बसतात. जनरेटरच्या सायलेन्सरचा सांधा जरा जरी गळत असेल, किंवा धुराचा पाइप एसीच्या हवा ओढणाऱ्या बाजूजवळ असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, आणि बंदोबस्तात थकलेल्या माणसाला डोकेदुखी आणि झोप यात काही वेगळं वाटतही नाही. दर महिन्याच्या लोड चाचणीत सांध्यांवर काजळीची रेघ आहे का ते टॉर्च घेऊन बघा. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि त्याचं बटण दाबून तो वाजतो का तेही बघा. इतर सगळी कामं पैशांअभावी पुढे ढकलावी लागली तरी हे काम ढकलू नका. त्याच दिवशी विजेच्या बोर्डावरच्या आरसीसीबीचं, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबा. स्विच पडला पाहिजे. जनरेटरचा न्यूट्रल गाडीच्या अर्थिंगला नीट जोडलेला नसेल तर खऱ्या गळतीच्या वेळी आरसीसीबी पडतच नाही, मग बटण दाबल्यावर पडत असलं तरी. ही जोडणी जाणत्या वायरमनकडून एकदा तपासून घ्या आणि अर्थिंगचा खिळा प्रत्येक मुक्कामी ठोकायची शिस्त लावा.

मास्टकडे येतो. दोन पावसाळ्यांपूर्वी त्र्यंबकला एका गाडीचा मास्ट तुमच्यासारखाच अर्ध्यावर थांबला. सगळे वर बघत होते. मी गाडीखाली शिरलो. कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीच्या बुडाशी पाणी सोडायचा एक छोटा कॉक असतो. त्याची दांडी गंजून टाकीच्याच रंगाची झाली होती, कुणी कधी फिरवलीच नव्हती. पान्याने हलके ठोके देत सैल केली. आधी नुसती हवा फुसफुसली, मग चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि येतच राहिलं. खाली धरलेली लिटरची बाटली भरली. त्र्यंबकच्या पावसाळी हवेत कॉम्प्रेसर चालला की हवेतला ओलावा टाकीत पाणी होऊन बसतो. टाकीत पाणी झालं की हवेला जागा कमी पडते, शिवाय तेच पाणी व्हॉल्व्हमध्ये आणि मास्टच्या नळ्यांत जाऊन गंज आणि सील खराब करतं. तो कॉक दर वापरानंतर उघडायचा. पाच सेकंदांचं काम आहे.

महिन्यातून एकदा मास्ट पूर्ण वर नेऊन तासभर तसाच ठेवा आणि खाली सरकतोय का बघा. नळ्या कोरड्या कपड्याने पुसा आणि बनवणाऱ्याने सांगितलंय तेच वंगण लावा. साधं ग्रीस थापलं की त्यावर धूळ बसते आणि ती सीलला पॉलिश पेपरसारखी घासते. मास्ट वर नेण्याआधी एका माणसाने बाहेर उतरून वर बघायचंच. पंचवटीच्या गल्ल्यांतून विजेच्या तारा कुठून कशा गेल्यात हे आत बसलेल्या माणसाला स्क्रीनवर दिसत नाही. वीज कडाडत असेल तर मास्ट खाली, कितीही महत्त्वाचं चित्र दिसत असलं तरी. आणि मास्ट पूर्ण खाली बसल्याशिवाय गाडी हलणार नाही असा इंटरलॉक असेल तर तो चालू आहे ना ते तपासा. वैतागून तो बायपास केलेला मी एकापेक्षा जास्त गाड्यांत पाहिलाय.

चार वर्षांची म्हणजे तुमची गाडी बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) आहे, आणि ही बाब जुन्या मेकॅनिकांच्या लक्षात राहत नाही. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी बराच वेळ लोडवर आणि वेगात चालावी लागते. जागेवर इंजिन चालू ठेवलं की काजळी साचत जाते, साफ व्हायची संधी मिळत नाही, आणि एक दिवस दिवा लागून गाडीची ताकद कमी होते. म्हणून महिन्यातून एकदा गाडी हायवेला काढा. मोहदरी घाट चढून सिन्नरला जाऊन परत आणली तरी पुरतं. त्याच फेरीत ब्रेकही साफ होतात, बॅटरीही भरते, टायरही फिरतात. डॅशबोर्डवर साफसफाई चालू असल्याची खूण दिसत असेल तर मध्येच गाडी बंद करू नका. धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या युरियाचं, म्हणजे डीईएफचंही वय असतं. ते ३२.५ टक्के युरियाचं द्रावण आहे. ३० अंशांपर्यंत ते वर्षभर चांगलं राहतं, ३५ च्या आसपास मात्र सहाच महिने. उन्हात उभ्या गाडीत दोन वर्षं तेच डीईएफ असेल तर ते बदलून घ्या, नोझलवर पांढरे खडे धरायच्या आत. डिझेलची टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत ओलावा कमी धरतो, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर पावसाळ्यात दर महिन्याला खालून सोडा.

टायर आणि ब्रेक थोडक्यात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही चांगली असली तरी सहा-सात वर्षांपुढचा टायर मी अशा गाडीवर ठेवत नाही, कारण रबर उन्हाने आतून कडक होतं. ऑइल ब्रेक असतील तर ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. हवेचे ब्रेक असतील तर त्यांच्या टाक्यांनाही मास्टसारखेच कॉक आहेत. सपाट जागी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून न ठेवता चाकांना ओट, म्हणजे अडवणीचे ठोकळे, लावा.

एक काम मात्र लोक करतच नाहीत, ते म्हणजे वजनकाटा. गाडी पूर्ण भरून, डिझेल-पाणी-माणसांसकट, काट्यावर न्या. आधी पूर्ण वजन घ्या, मग फक्त मागचा धुरा काट्यावर ठेवून त्याचं वेगळं घ्या, आणि नोंदणीच्या कागदाशी ताडून बघा. बॉडी बांधून झाल्यावर दर वर्षी कुणीतरी काहीतरी वाढवतं, एक कपाट, एक यूपीएस, एक मोठा स्क्रीन, आणि ते बहुतेक मागेच आणि एकाच बाजूला येतं. स्प्रिंगचे पाटे बसतात, गाडी एका अंगाला झुकते, आणि उतारावर ब्रेक तापतात. कसारा घाट उतरताना ते कळणं फार उशिराचं असतं.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात करा. छतावर जितक्या वस्तू, तितकी भोकं. एसीच्या कडा, अँटेनाचे पाय, केबल जिथून आत जाते त्या ग्लँड, सगळीकडचं सीलंट नाशिकच्या उन्हाळ्यात तडकतं. आतल्या बाजूने प्रत्येक भोकाखाली वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवा, छतावर अर्धा तास नळीने पाणी सोडा, आणि कुठला कागद ओला झालाय ते बघा. दुसरा शत्रू उंदीर. बंदोबस्त संपला की गाडीत बिस्किटांचे पुडे, वडापावचे कागद राहतात, आणि गाडी शेडमध्ये लागते. उंदरांना याहून चांगली जागा मिळत नाही. एकदा तर एसीच्या डक्टमध्ये कापसाचं आणि फाइलींच्या कागदाचं घरटं मिळालं होतं, आणि शेजारी कॅमेऱ्याची केबल तांब्यापर्यंत कुरतडलेली. गाडी आतून झाडून, पुसूनच लावायची आणि फरशीतली केबलची भोकं बारीक जाळीने बुजवायची.

तुम्ही एएमसीबद्दलही, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराबद्दल, विचारलंय. द्यायला हरकत नाही, पण ती कशाची आहे ते वाचून घ्या. अशा गाडीत तीन-चार मालक असतात. चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची, जनरेटर तिसऱ्याचा, कॅमेरे-वायरलेस चौथ्याचे. प्रत्येकजण आपापला भाग बघतो, आणि गाडी अडते ती बहुधा दोन भागांच्या जोडावर. तुमच्या जनरेटरचंच घ्या. जनरेटरवाला म्हणेल डिझेल येत नाही, चासीवाला म्हणेल ती नळी आमची नाही, बॉडीवाला म्हणेल आमची वॉरंटी संपली. म्हणून करारात लिहून घ्या की दर तिमाहीची तपासणी सगळं एकत्र चालवून, लोडवर होईल आणि आकडे लिहून दिले जातील. मोठ्या बंदोबस्ताच्या दिवशी त्यांचा माणूस गाडीजवळ हजर राहील, हेही लिहून घ्या. आणि वायरिंगचा नकाशा मागा. तो मिळत नसेल तर एक चांगला वायरमन दोन दिवस लावून तयार करा, प्रत्येक वायरला क्रमांक द्या, आणि एक प्रत गाडीतच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

हा नकाशा किती लागतो ते मला २०१५ च्या सिंहस्थात कळलं. पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी रस्ते बंद असतात, असायलाच हवेत. एका गाडीचे स्क्रीन गेल्याचा निरोप आला, आणि मी नाशिकच्याच द्वारका चौकातून पान्यांची पिशवी खांद्यावर घेऊन गर्दीतून रामकुंडाकडे पायी निघालो. पोचायला खूप वेळ लागला. बिघाड होता एका फ्यूजचा, पण तो कुठला हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण बोर्डावर एकही नाव लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सुरळीत पार पडलं. पण २००३ च्या सिंहस्थात याच शहरात चेंगराचेंगरीत माणसं गेलीत, आणि गर्दी कुठे दाटते आहे हे वेळेत दिसणं म्हणजे काय, हे नाशिककरांना वेगळं सांगावं लागत नाही. तुमची गाडी त्यासाठीच आहे.

म्हणून २०२७ साठी असं धरून चला की पर्वणीच्या दिवशी तुमच्यापर्यंत कुणीही पोचू शकणार नाही. गाडी आदल्या रात्री जागेवर लागेल आणि पर्वणी आटोपल्यावरच हलेल. पर्वण्या ऐन पावसाळ्यात येतात, म्हणजे गर्दी आणि पाऊस दोन्ही एकदम. त्याआधी गाडीला खरी कामं द्या. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीला, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला, गणेशोत्सवात, गरज नसली तरी तिला न्या आणि चोवीस तास चालवा. किती डिझेल लागलं ते मोजा, बंद रस्त्यात कॅनने डिझेल कोण आणि कसं आणणार ते ठरवा. सुट्या भागांची एक पेटी गाडीत कायम ठेवा: जनरेटरचा आणि इंजिनाचा बेल्ट, डिझेल फिल्टर, प्रत्येक क्षमतेचे फ्यूज, दोन-तीन रिले, मास्टच्या हवेची नळी, पाच लिटर ऑइल, कूलंट, जंप केबल. पेटीतली वस्तू वापरली की दुसऱ्याच दिवशी भरायची, हे काम एका माणसाच्या नावावर लिहा.

ठरलेल्या चालकाबद्दल वरिष्ठांशी आधी बोला. त्याला महिन्यातला एक पूर्ण दिवस या गाडीसाठी मिळाला तर वर लिहिलेलं बहुतेक सगळं त्या दिवसात बसतं: सकाळी बॅटरी मोजायची, सिन्नरची फेरी, आल्यावर मास्ट वर, जनरेटर तासभर लोडवर, पाणी सोडणं, झाडलोट, नोंद.

सध्या मला तीन आकडे हवे आहेत. रात्रभर उभ्या राहिलेल्या दोन्ही बॅटऱ्यांचं वेगवेगळं व्होल्टेज, सगळं बंद असताना मुख्य वायरवरचा करंट, आणि दोन्ही तासमीटर. ते कळवा. बॅटऱ्या बदलायच्या, नुसता चार्जर लावायचा की ती लाल वायर शोधायची, हे त्यावरून नीट सांगता येईल.